कोणत्या दिवशी, कोणती गोळी?

जन्मतःच डोळ्यांत मोतीबिंदू असलेली बाळं १९४१ च्या सुमारास सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे एकामागून एक येऊ लागली. एखादंच आलं असतं तर योगायोग म्हणून विषय संपला असता. दवाखान्यात बसलेल्या आया आपसांत बोलत होत्या आणि ते बोलणं ग्रेग यांच्या कानावर पडलं. दिवस राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आपल्याला जर्मन गोवर झाला होता, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. ग्रेग यांनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती मागवली. ७८ बाळांची नोंद जमली आणि त्यांपैकी ६८ जणांच्या आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीला तो आजार होऊन गेल्याचं दिसलं.

हे पटायला वैद्यकजगताला वेळ लागला. आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये वार असते आणि घातक ते सगळं ती अडवते, ही समजूत तेव्हा पक्की होती. ग्रेग यांच्या निष्कर्षाकडे पुढची काही वर्षं संशयानेच पाहिलं गेलं. जेव्हा तो मान्य झाला, तेव्हाही त्यातून निघालेला धडा अर्धाच होता. आईला झालेला संसर्ग गर्भापर्यंत पोहोचतो एवढं डॉक्टरांनी मान्य केलं. आईने घेतलेली गोळीही पोहोचत असेल, हा पुढचा प्रश्न फार थोड्यांना पडला. गर्भवतीला औषध देताना काय पाहायचं, काय सांगायचं, याचं शास्त्र म्हणावं असं काही नव्हतंच. त्या शास्त्राची किंमत पुढच्या वीस वर्षांत हजारो घरांनी मोजली.

जर्मनीत आखेनजवळ श्टोलबेर्ग नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रुनेन्थाल या कंपनीने १९५४ साली थॅलिडोमाइड तयार केलं. हे झोपेचं औषध होतं, पण त्या काळच्या बार्बिच्युरेट गोळ्यांसारखं जीवघेणं नव्हतं. बार्बिच्युरेट जास्त झालं की माणूस दगावायचा. थॅलिडोमाइड उंदरांना कितीही दिलं तरी ते मरत नव्हते. एवढ्या एका निरीक्षणावर 'संपूर्ण निर्धोक' हा शिक्का बसला. १ ऑक्टोबर १९५७ ला कॉन्टरगान या नावाने ते पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं, तेही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये डिस्टिलर्स कंपनीने ते डिस्टाव्हल म्हणून आणलं. पुढे जगातल्या चाळीसहून अधिक देशांत ते वेगवेगळ्या नावांनी विकलं गेलं. झोप लागत नाही, जीव घाबरतो, सकाळी मळमळतं, अशा साध्या तक्रारींवर लोक ते घेऊ लागले.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट १९५८ सालची आहे. म्युनिकच्या एका डॉक्टरने हे औषध अंगावर पाजणाऱ्या बायकांना देऊन पाहिलं होतं आणि बाळांवर काही वाईट परिणाम दिसला नाही, असं लिहिलं होतं. त्याने गर्भवतींना ते दिलंच नव्हतं. तरी त्या लेखाचा आधार घेऊन कंपनीने सुमारे चाळीस हजार डॉक्टरांना पत्रं पाठवली आणि गर्भवती व अंगावर पाजणारी, दोघींसाठीही हेच उत्तम औषध असल्याचं कळवलं. दुधातून बाळाच्या पोटात जाणारा अंश आणि हातपाय घडत असताना गर्भाच्या रक्तात पोहोचणारं औषध हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत. पत्र लिहिणाऱ्यांनी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं. हे पत्र मिळालेल्या डॉक्टरांनी ते वाचून आपल्या रोग्यांना विश्वासाने गोळी लिहून दिली असणार आणि बायकांनी ती तितक्याच विश्वासाने घेतली.

धोक्याची पहिली खूण बाळांत दिसली नाही, ती मोठ्या माणसांच्या हातापायांत दिसली. महिनोन्‌महिने गोळी घेणाऱ्यांच्या पावलांना मुंग्या येत, बधिरपणा येई, काहींचा तो पुढे कायमचा राहिला. स्कॉटलंडमधले एक डॉक्टर, लेस्ली फ्लोरेन्स, यांनी आपल्या काही रोग्यांमध्ये हे पाहिलं आणि ३१ डिसेंबर १९६० च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छोटंसं पत्र लिहून विचारलं की याला थॅलिडोमाइड कारण असेल का. हे पत्र अटलांटिकपलीकडे एका बाईने अतिशय लक्षपूर्वक वाचलं. तिच्याकडे पुढे येऊच.

दरम्यान जर्मनीतल्या प्रसूतिगृहांत काहीतरी भयंकर घडत होतं. हात नाहीत आणि खांद्यालाच पंजा फुटलेला, पाय आखूड, कधी कानच नाहीत, अशी बाळं जन्माला येत होती. या व्यंगाला फोकोमेलिया म्हणतात आणि ते इतकं दुर्मीळ होतं की अख्ख्या आयुष्यात एकही रुग्ण न पाहिलेले बालरोगतज्ज्ञ पुष्कळ होते. १९६० मध्ये कासेलच्या परिषदेत अशा दोन बाळांची माहिती मांडली गेली, तेव्हा तीही विरळा घटना म्हणूनच. १९६१ मध्ये मात्र एकेका शहरात डझनांनी बाळं दिसू लागली. आयांना काय वाटलं असेल? कुणी घराण्यातला दोष शोधत होतं, कुणी नवऱ्याकडे, कुणी स्वतःकडे बोट दाखवत होतं. अणुचाचण्यांच्या धुळीचा संशय होता, क्ष-किरणांचा होता, नव्या साबणांचाही होता.

हाम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशिकतेचे अभ्यासक विडुकिंड लेन्झ यांच्याकडे त्या उन्हाळ्यात एक तरुण वकील आला. त्याच्या स्वतःच्या बाळाला हे व्यंग होतं आणि त्याच्या बहिणीच्या बाळालाही. पहिला तर्क अर्थातच आनुवंशिकतेचा होता. पण लेन्झ आसपासच्या दवाखान्यांत चौकशी करत गेले, तसे असे आणखी कितीतरी आईबाप सापडत गेले आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. मग लेन्झ घरोघर गेले. छापील प्रश्नावली भरून घेतली: काय खाल्लं, काय प्यायलात, कोणती औषधं घेतली, कोणता आजार झाला. उत्तरांत कॉन्टरगानचं नाव सुमारे एक पंचमांश बायकांनीच लिहिलं होतं. एवढ्यावरून काही ठरत नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लेन्झ यांना शंका आली आणि त्यांनी त्याच आयांना पुन्हा गाठलं. या वेळी थेट विचारलं: कॉन्टरगान घेतली होती का? आता निम्म्या जणी हो म्हणाल्या. पहिल्यांदा का नाही लिहिलंत, असं विचारल्यावर अनेकींनी सांगितलं की त्या गोळीला त्यांनी औषधातच धरलं नव्हतं. इतकी साधी, निरुपद्रवी गोळी; ती काय लिहायची? माझ्या मते गर्भवतीला औषध देण्याच्या शास्त्राचा जन्म या क्षणी झाला. त्या बायका काही लपवत नव्हत्या. ती गोळी क्षुल्लक आहे हे जाहिरातींनी, दुकानदारांनी आणि डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं होतं. गर्भवतीला औषधांबद्दल विचारणारा प्रत्येक जाणता डॉक्टर आजही नुसतं 'काही औषध चालू आहे का' एवढ्यावर थांबत नाही. डोकेदुखीची गोळी, पित्ताची पुडी, काढा, मलम, शेजारणीने दिलेलं चूर्ण, एकेकाचं नाव घेऊन तो विचारतो.

१५ नोव्हेंबर १९६१ ला लेन्झ यांनी कंपनीत फोन केला. तीनच दिवसांनी, १८ तारखेला, ड्युसेलडॉर्फमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत ते बोलायला उभे राहिले. शास्त्रज्ञ म्हणून पुरावा पूर्ण झालेला नाही, पण माणूस आणि नागरिक म्हणून गप्प बसण्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. औषधाचं नाव त्यांनी जाहीर घेतलं नव्हतं. बैठकीनंतर एक गृहस्थ त्यांच्याजवळ आले आणि ते औषध कॉन्टरगानच ना, असं हळूच विचारू लागले. त्यांच्या घरी असंच बाळ जन्मलं होतं आणि बायकोने तीच गोळी घेतली होती. २६ नोव्हेंबरला 'वेल्ट अम झोनटाग' या वृत्तपत्रात बातमी आली आणि त्यानंतर लगेच कंपनीने औषध बाजारातून काढलं. ब्रिटनमधून ते डिसेंबरच्या सुरुवातीला गेलं. कॅनडात मार्च १९६२ पर्यंत विक्री चालू राहिली, जपानमध्ये सप्टेंबर १९६२ पर्यंत. कारण माहीत झाल्यानंतरच्या या महिन्यांत ज्या बायकांनी ती गोळी घेतली, त्यांच्या दुःखाला काही कारणच नव्हतं.

लेन्झ यांचं काम चालू असतानाच सिडनीच्या क्राउन स्ट्रीट प्रसूतिगृहातले डॉक्टर विल्यम मॅकब्राइड वेगळ्या वाटेने त्याच उत्तराशी पोहोचले होते. १६ डिसेंबर १९६१ च्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं काही ओळींचं पत्र छापून आलं. मळमळीसाठी थॅलिडोमाइड घेतलेल्या बायकांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण मोठं दिसतंय, इतरांनीही हे पाहिलंय का, असा त्याचा आशय होता.

यानंतर जे झालं ते वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व होतं. लेन्झ यांनी आयांकडून तारखा मागितल्या. शेवटची पाळी कधी आली होती, गोळी कोणत्या दिवशी घेतली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर तारीख आहे का, पाहुणे आले होते त्या रात्री की प्रवासाहून परतल्यावर. या आठवणी एकापुढे एक मांडल्यावर गर्भाच्या घडणीचं वेळापत्रकच उलगडलं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर साधारण ३४ ते ५० हे दिवस घातक होते. त्यातही सुरुवातीच्या दिवसांत घेतलेल्या गोळीने कान बिघडत, मग हात, मग पाय. त्या मुदतीत एकच गोळी पुरेशी ठरल्याचीही उदाहरणं होती. मुदत उलटल्यावर घेतलेल्या गोळ्यांनी हातापायांना काही झालं नाही. चौतिसावा दिवस म्हणजे पाळी चुकून आठवडाही झालेला नसतो. दिवस राहिलेत हे कित्येकींना तोवर कळलेलंही नसतं.

आता अटलांटिकपलीकडच्या त्या बाईंकडे. फ्रान्सेस ओल्डहॅम केल्सी यांचा जन्म १९१४ साली कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर झाला. शिकागो विद्यापीठातून त्यांनी औषधशास्त्रात पीएचडी केली. तिथे प्रवेश देणाऱ्या प्राध्यापकांनी फ्रान्सेस हे नाव वाचून त्यांना पुरुष समजून पत्र पाठवलं होतं. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या एका पातळ औषधाने शंभरावर माणसं मेली, तेव्हा ते द्रावण तपासणाऱ्यांत विद्यार्थिनी म्हणून त्याही होत्या. महायुद्धाच्या काळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना त्यांनी सशांना क्विनीन देऊन पाहिलं होतं. साध्या सशाचं शरीर क्विनीन भराभर मोडून टाकतं, गाभण सशिणीचं कमी, आणि पोटातल्या पिल्लाला ते मुळीच मोडता येत नाही. म्हणजे आई जे पचवते ते गर्भ पचवू शकेलच असं नाही, हे त्यांनी स्वतःच्या हाताने अनुभवलं होतं.

१९६० च्या ऑगस्टमध्ये केल्सी अमेरिकेच्या औषध प्रशासनात, म्हणजे एफडीएमध्ये, रुजू झाल्या. सप्टेंबरमध्ये थॅलिडोमाइडचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. अमेरिकेत ते केव्हाडॉन नावाने आणायचं होतं आणि जगभर विकलं जाणारं औषध म्हणून नव्या अधिकाऱ्याला सोपी फाइल दिली गेली होती. कायद्याप्रमाणे ६० दिवसांत हरकत घेतली नाही तर मंजुरी आपोआप मिळे. केल्सींनी हरकत घेतली. माहिती अपुरी आहे, पुन्हा पाठवा. पुन्हा आली, पुन्हा अपुरी. अर्ज करणाऱ्या कंपनीचे लोक फोन करत, भेटायला येत, वरिष्ठांकडे तक्रार करत. फेब्रुवारी १९६१ मध्ये फ्लोरेन्स यांचं ते पत्र केल्सींच्या वाचनात आलं आणि त्यांनी नेमका प्रश्न विचारला: मोठ्यांच्या नसांना इजा करणारं हे औषध महिनोन्‌महिने पोटातल्या गर्भापर्यंत गेलं तर काय होईल? गर्भारपणात ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्या. पुरावा नव्हता, कारण तो कुणी शोधलाच नव्हता. मार्च १९६२ मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला.

तरी अमेरिका पूर्ण सुटली नाही. 'चाचणी'च्या नावाखाली हजाराहून अधिक डॉक्टरांना या गोळ्यांचे नमुने वाटले गेले होते आणि सुमारे २० हजार लोकांनी त्या घेतल्या. आपल्याला मंजुरी न मिळालेलं औषध दिलं जातंय हे त्यांच्यातल्या अनेकांना सांगितलेलंही नव्हतं. व्यंग असलेली सतरा बाळं अमेरिकेत जन्मली. जगभरातला आकडा दहा हजारांवर जातो आणि त्यांतली चाळीस टक्क्यांच्या आसपास बाळं तान्हेपणीच गेली. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सींना नागरी सेवेचं सर्वोच्च पदक दिलं, ऑक्टोबरमध्ये कायदा बदलला. औषध उपयोगी आहे हे आधी सिद्ध करा आणि चाचणीतल्या माणसाची संमती घ्या, या अटी त्यात आल्या. जर्मनीतला खटला आल्सडोर्फ इथे १९६८ ला सुरू होऊन १९७० मध्ये भरपाईच्या तडजोडीवर थांबला. ग्रुनेन्थालने जाहीर माफी मागितली ती २०१२ साली, पहिल्या गोळीनंतर ५५ वर्षांनी. उशिरा आलेल्या त्या शब्दांनी पीडितांपैकी अनेकांचं समाधान झालं नाही आणि होणारही नव्हतं.

थॅलिडोमाइडचं व्यंग जन्मताक्षणी डोळ्यांना दिसलं म्हणून त्याचा माग चार वर्षांत लागला. न दिसणारं असतं तर? त्याचं उत्तर १९७१ साली बोस्टनमध्ये मिळालं. पंधरा ते बावीस वर्षांच्या मुलींना योनिमार्गाचा एक अतिदुर्मीळ कर्करोग झाल्याचं तिथल्या डॉक्टरांना दिसलं. का, ते कळेना. तेव्हा एका मुलीच्या आईनेच विचारलं की ही पोटात असताना मी स्टिलबेस्ट्रॉल घेतलं होतं, त्याचा काही संबंध असेल का. डॉक्टर आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी इतर आयांना विचारलं: आठपैकी सात जणींनी गर्भपात टाळण्यासाठी हेच कृत्रिम हार्मोन घेतलेलं होतं. या औषधाने गर्भपात टळतच नाही, हे शिकागोतल्या मोठ्या चाचणीत १९५३ सालीच दिसलं होतं. तरी पुढे अठरा वर्षं ते लिहून दिलं जात राहिलं. निरुपयोगी ठरलेलं औषध गर्भवतीला देत राहणं, याला मला तरी क्षमा दिसत नाही.

हार्मोनांचीच दुसरी गोष्ट आपल्या घराजवळची आहे. लघवीची झटपट तपासणी येण्याआधी दिवस राहिलेत का हे पाहायला गोळ्या मिळत. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची जबर मात्रा दोन दिवस घ्यायची. चार-आठ दिवसांत पाळी आली तर दिवस राहिलेले नाहीत, नाही आली तर राहिलेत. म्हणजे जिला खरोखर दिवस राहिलेत तिच्याच गर्भापर्यंत, नेमक्या नाजूक आठवड्यांत, हे हार्मोन जाणार. इंग्लंडमध्ये डॉक्टर इझाबेल गॅल यांनी मणक्याचं आणि मेंदूचं व्यंग असलेल्या शंभर बाळांच्या आयांना विचारलं. १९ जणींनी अशी गोळी घेतली होती. निरोगी बाळांच्या शंभर आयांत फक्त चौघींनी. हे १९६७ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. तिथली गोळी बंद व्हायला १९७८ उजाडलं. या गोळीने व्यंग आलं की नाही यावर ब्रिटनमध्ये अजून वाद आहे, २०१७ च्या तज्ज्ञगटाला पुरावा पुरेसा वाटला नव्हता. पण २०२० च्या चौकशी अहवालाने साफ म्हटलं की १९६७ सालीच ती मागे घ्यायला हवी होती. मलाही हेच म्हणणं रास्त वाटतं. लघवीची तपासणी तोवर हाताशी आलेली असताना संशयाचं ओझं गर्भाने का वाहायचं?

भारतात या 'ईपी' (इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन) गोळ्या वेगळ्याच कारणासाठी खपत होत्या. पाळी चुकली की बाई मेडिकलमध्ये जाई किंवा नवऱ्याला पाठवी आणि चिठ्ठीशिवाय गोळी मिळे. पोट पडेल ही आशा असे. गोळीने ते पडत नसे, दिवस मात्र वाढत जात. ऐंशीच्या दशकात मेडिको फ्रेंड सर्कलमधले डॉक्टर, ऑल इंडिया ड्रग अॅक्शन नेटवर्क आणि मुंबईसह ठिकठिकाणच्या स्त्री-संघटना यांनी हा विषय धसास लावला. सभा घेतल्या, पत्रकं काढली, दुकानांत जाऊन गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात हे दाखवून दिलं. १९८२ मध्ये केंद्राने बंदीचा हुकूम काढला, कंपन्यांनी कोलकाता आणि मुंबईच्या उच्च न्यायालयांतून स्थगिती आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांतली एक मुंबईत. औषधांविषयी बोलण्याचा अधिकार फक्त तज्ज्ञांचा, हा समज या सुनावण्यांत स्त्री-कार्यकर्त्यांनी मोडून काढला. अखेर १९८८ साली बंदी लागू झाली. औषधांच्या चळवळीतलं हे आपल्याकडचं मोठं पान आहे आणि ते पाठ्यपुस्तकांत असायला हवं.

थॅलिडोमाइडनंतर भीतीही आली आणि भीतीने आपलं नुकसान वेगळ्या प्रकारे केलं. १९७७ साली एफडीएने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून जवळजवळ वगळूनच टाकलं. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा की बायकांसाठीची औषधं पुरुषांवर तपासली जाऊ लागली आणि गर्भारपणात काय होतं हे कळण्याचा मार्गच बंद झाला. ही बंधनं १९९३ मध्ये सैल झाली. १९७९ पासून औषधांवर ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं आली. डॉक्टर, दुकानदार आणि घरचे ती शाळेतल्या गुणांसारखी वाचू लागले, आणि 'सी' म्हणजे नको, असा सरसकट निवाडा होऊ लागला. मिरगी, दमा, नैराश्य, उच्च रक्तदाब असलेल्या बायका दिवस राहिल्याचं कळताच गोळ्या टाकून देऊ लागल्या. मिरगीचा मोठा झटका गर्भवतीला आला तर दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

मळमळीवरच्या बेन्डेक्टिनचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची ही साधी जोडी जगभरातल्या तीन कोटींहून अधिक गर्भवतींनी घेतली होती. व्यंगाचे आरोप झाले, खटल्यांचा ढीग पडला. अभ्यासांमागून अभ्यास झाले, त्यांत दोष आढळला नाही, तरी १९८३ मध्ये कंपनीने खर्चाला कंटाळून उत्पादन थांबवलं. त्यानंतर अमेरिकेत ओकाऱ्यांनी बेजार होऊन रुग्णालयात भरती होणाऱ्या गर्भवती वाढल्या. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तीच जोडी नव्या नावाने तिथे पुन्हा मंजूर झाली. भारतात ती लिहून दिली जातेच. या वादाला एक दुःखद जोड आहे. थॅलिडोमाइडचा धोका जगाला सांगणाऱ्या मॅकब्राइड यांनीच पुढे बेन्डेक्टिनविरुद्ध साक्ष दिली. त्याच सुमारास दुसऱ्या एका औषधावरच्या सशांच्या प्रयोगात त्यांनी आकडे बदलले आणि १९९३ मध्ये ते दोषी ठरले. एकदा खरा ठरलेला माणूस पुराव्याशिवायही खरा मानला जाऊ लागला की काय होतं, ते इथे दिसतं.

म्हणून अक्षरांच्या जागी माणूस बसवण्याची गरज पडली. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात, पुढे १९८५ पासून टोरांटोत, तसंच ब्रिटनमध्ये आणि युरोपात सल्ला केंद्रं निघाली. गर्भवती किंवा तिचा डॉक्टर फोन करतो, पलीकडची प्रशिक्षित व्यक्ती विचारते: कोणतं औषध, किती, कितव्या आठवड्यात, कोणत्या आजारासाठी, बंद केलं तर काय होईल. मग उपलब्ध पुरावा समजावून सांगते. कुठलंही औषध न घेताही दर शंभरात दोन-तीन बाळांना काही ना काही व्यंग असतंच, हेही सांगते, कारण हे ठाऊक नसेल तर प्रत्येक दोषाचा आळ गोळीवर येतो. पुढे बाळंतपण झाल्यावर तिलाच विचारून नोंद केली जाते. त्या नोंदींतून पुढच्या बाईसाठी उत्तर तयार होतं.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९८ पासून मिरगी असलेल्या गर्भवतींची अशीच नोंदवही चालवली आहे आणि त्या मुलांचा पुढे वाढत्या वयातही मागोवा घेतला आहे. व्हॅल्प्रोएट या औषधाने व्यंगाचा आणि मुलांच्या बुद्धीवर परिणामाचा धोका वाढतो, हे अशाच नोंदींतून पक्कं झालं. दुसरी काही औषधं त्या मानाने बरीच निर्धोक असल्याचंही त्यांतूनच कळलं. म्हणजे मिरगीवर उपचार घेणाऱ्या तरुणीला लग्नाआधी, मुलाचा विचार सुरू होण्याआधीच सांगण्यासारखं डॉक्टरकडे काही असतं. दिवस राहिल्यावर सांगायला उशीर झालेला असतो. त्या चौतिसाव्या दिवसाचा हिशेब इथेही लागू आहे.

अंगावरच्या दुधाचा प्रश्न इतकी वर्षं गर्भारपणाच्या सावलीत राहिला. बाळंतीण औषध घेत असेल तर पाजणं बंद करा, हा सल्ला किती सहज दिला जाई. भारतातल्या गरीब घरात त्याचा अर्थ पाणी घातलेलं वरचं दूध आणि धड न उकळलेली बाटली असा होतो. जुलाबांनी बाळं त्यानेच जातात. बहुतेक औषधं दुधात उतरतात ती फार थोड्या प्रमाणात. बाळाला वजनाच्या हिशेबाने मिळणारा अंश आईच्या मात्रेच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर तो साधारणपणे चालण्यासारखा मानतात. कर्करोगावरची औषधं, किरणोत्सारी आयोडीन अशी थोडी अपवाद आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००६ पासून या माहितीचा कोश सर्वांसाठी खुला ठेवला आहे. २०१५ पासून एफडीएने ती अक्षरं नव्या औषधांवरून काढून टाकली आणि माहितीपत्रकात गर्भारपण आणि स्तनपान यांवरच्या वेगवेगळ्या परिच्छेदांत पुरावा सविस्तर मांडायला लावला. १९५८ च्या पत्राने जे दोन प्रश्न एकात कालवले होते, ते इथे कागदावर वेगळे आहेत.

करोनाच्या साथीत जुनी चूक पुन्हा झाली. लशींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायका वगळल्या होत्या, त्यामुळे लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांना काय सांगायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात मात्र परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि मुंबईचं नायर रुग्णालय यांनी राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून करोना झालेल्या गर्भवतींची नोंदवही उभी केली होती. दुसऱ्या लाटेत गर्भवती आणि बाळंतिणी पहिल्या लाटेपेक्षा कितीतरी अधिक दगावत होत्या, हे आपल्याकडच्या नोंदींतूनच दिसलं. अमेरिकेत लस घेतलेल्या ३५ हजारांहून अधिक गर्भवतींनी स्वतः फोनवरून कळवलेली माहिती एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत धोक्याची खूण दिसली नाही. भारत सरकारने अंगावर पाजणाऱ्या आयांना लस घ्यायची मोकळीक १९ मे २०२१ ला दिली. गर्भवतींना ती २ जुलैला मिळाली, आणि तोवर दुसरी लाट ओसरत आली होती.